साडेसहा नंबरचे हातमोजे

ऑपरेशन थिएटरमधल्या मुख्य सिस्टरना पाठीमागे सगळे ‘साडेसहा’ म्हणत. कारणं दोन. एक, त्या सकाळी साडेसहाला दारात हजर असत; घड्याळ मागे पडलं असेल, पण त्या कधी पडल्या नाहीत. दुसरं, त्यांच्या हातमोज्यांचा नंबर साडेसहा. हे नाव बाईंना ठाऊक नाही असा सगळ्यांचा समज होता. बाईंना सगळं ठाऊक होतं. नावात अपमान नाही म्हणून त्यांनी कानाडोळा केला होता, इतकंच.

बावीस वर्षं त्या मोठ्या डॉक्टरांच्या उजव्या हाताला उभ्या होत्या. मोठे डॉक्टर म्हणजे तिथले मुख्य सर्जन. त्यांनी मान वर न करता हात पुढे करायचा आणि हवं ते अवजार तळहातावर पडायचं, हा दोघांचा रिवाज. बोलणं जवळजवळ नाहीच. मात्र आत वापरलेले गॉजचे सगळे तुकडे मोजून झाल्याशिवाय पोट शिवायला सुई मिळत नसे. मोठ्या डॉक्टरांनी कितीही डोळे वटारले तरी बाई आपलं मोजत राहायच्या.

त्यांच्या दोन सवयी अख्ख्या इमारतीत प्रसिद्ध होत्या. हातमोजा चढवला की मनगटाजवळची कड ताणून सोडायची. फट्! दिव्याखाली पांढऱ्या पावडरीचा लहानसा ढग उठायचा आणि नवशिक्या नर्सना कळायचं, आता गप्पा बंद. दुसरी सवय मऊ होती. टेबलावर आलेला माणूस कुणीही असो, त्याला भूल चढेपर्यंत बाई त्याचा हात धरून उभ्या राहायच्या. “घाबरू नका, मी इथेच आहे,” एवढंच म्हणायच्या. स्वच्छतेच्या बाबतीत महाकडक, त्यामुळे या हात धरण्यासाठीही मोज्यांची एक निराळी जोडी. माणूस झोपला की ती जोडी डब्यात टाकायची, कोपरापर्यंत हात घासायचे आणि मग कामाचे मोजे.

आणि शिंका. त्यांना काही सवय म्हणता येणार नाही. गेली आठ वर्षं त्या बाईंच्या मानगुटीवर बसल्या होत्या. एकदा सुरू झाल्या की एकीवर थांबत नसत, सात, नऊ, एकदा तर मास्कच्या आत लागोपाठ अकरा. आता उघड्या पोटासमोर शिंकणारी सिस्टर म्हणजे गंभीर मामला. बाईंनी स्वतःला शिक्षा करावी तसा नियम केला आणि तो स्वतःच्या अक्षरात लिहून हात धुवायच्या बेसिनवर चिकटवला. ‘शिंक आली की दोन पावलं मागे. मास्क बदला. हातमोजे बदला.’ दुसरं कुणी पाळो न पाळो, बाई पाळायच्या. शिंक, मागे, नवा मास्क, नवे मोजे, फट्. दहा मिनिटांनी पुन्हा शिंक, मागे, नवे मोजे, फट्. दिवसाला सात-आठ जोड्या सहज व्हायच्या.

शिंका फक्त थिएटरातच आल्या असत्या तर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला असता. पण नाकाने पक्का चकवा दिला. दुपारी काम संपल्यावर बरं वाटायचं, आणि संध्याकाळी घरी, भांडी घासून होता होता, नाक असं चोंदायचं की तोंडाने श्वास घ्यावा. म्हणजे दोष घराचा, असं बाईंनी ठरवलं. आधी गालिचा गेला. मग पडदे गेले. उशा उन्हात तापून तापून पापड झाल्या. शेवटी बाईंची नजर यजमानांच्या कपाटावर गेली.

यजमान वीजमीटरचे आकडे टिपायची नोकरी करत, आणि जगभरातल्या पुलांविषयी छापून आलेली कात्रणं जमवत. तीस वर्षांच्या सव्वीस फायली. धूळ होती, नाही असं नाही.

“तुमच्या पुलांनी माझ्या नाकाची वाट लावली,” बाई म्हणाल्या.

“अगं, पूल काय करतील तुझं?” एवढं बोलून बिचाऱ्याने सव्वीसच्या सव्वीस फायली रद्दीत घातल्या. उलट भांडी घासताना बायकोच्या हाताला खाज सुटते म्हणून स्वतः दुकानात जाऊन पिवळे रबरी हातमोजे आणले. असा नवरा शोधून सापडणार नाही.

नाक मात्र तसंच राहिलं.

त्या वर्षी बाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया आपल्याच थिएटरात, मोठ्या डॉक्टरांच्याच हातून, पुढच्या पंधरवड्यातल्या गुरुवारी ठरली. भूल देणाऱ्या तरुण डॉक्टर तपासायला आल्या आणि दोन मिनिटांत उठून उभ्या राहिल्या.

“सिस्टर, असल्या वाहत्या नाकाला मी भूल देणार नाही.”

“अहो, हे नाक आठ वर्षं असंच आहे!”

“म्हणूनच. आठ वर्षं कुणाला सर्दी असते का? आधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जाऊन या, मग माझ्याकडे.”

कालची पोर आपल्याला शिकवते, असं पुटपुटत बाई गेल्या. तपासणीआधी पाच दिवस शिंकांची गोळी बंद ठेवायची होती. ते पाच दिवस कसे गेले ते थिएटरातल्या मोज्यांच्या खोक्यांना विचारावं.

अ‍ॅलर्जीचे डॉक्टर हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या मदतनीस बाईने साडेसहांच्या हातावर पेनाने आकडे घातले आणि प्रत्येक आकड्याशी एक थेंब सोडून सुईचं टोक टेकवलं. घरातली धूळ, गवताचे पराग, बुरशी, मांजर, झुरळ. शेवटचे दोन थेंब परीक्षेची परीक्षा घेणारे. एक नुसतं मिठाचं पाणी, तिथे काही उठता कामा नये. एक शुद्ध हिस्टामिन, म्हणजे अंगात खाज-सूज उठवणारं रसायन; तिथे उठलंच पाहिजे. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. बाईंनी पहिल्या मिनिटापासून धुळीच्या आकड्यावर डोळे लावले. नवऱ्यासमोर पुरावा ठेवायचा होता ना.

धुळीचा थेंब ढिम्म. पराग ढिम्म. मांजर, झुरळ, बुरशी, सगळी निर्दोष. हिस्टामिनच्या जागी मात्र डास चावल्यासारखा फुगवटा टरारून उठला होता.

“म्हणजे मला काहीच नाही?” बाईंना धक्काच बसला. सव्वीस फायली त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या.

“निदान यातलं काही नाही. नाक पुन्हा एकदा आतून बघू या,” असं म्हणून डॉक्टरांनी टेबलावरच्या खोक्यातून एक हातमोजा ओढला. तो झटकला, बोटं आत घातली.

बाईंना शिंक आली. मग दुसरी. मग पाच.

डॉक्टर अर्धा मोजा घातलेल्या अवस्थेत तसेच थांबले. बाईंकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. मग मोजा सावकाश काढून दारामागच्या डब्यात टाकला, खिडकी उघडली, हात धुऊन आले.

“सिस्टर, केळं खाल्लं की घशात खाज येते का?”

“येते की! रोज चहाच्या सुट्टीत येते. केळी पिकवायला काहीतरी मारतात हल्ली.”

“फुगा फुगवला की ओठ सुजतात?”

“भाचीच्या वाढदिवसाला सुजले होते. पण डॉक्टर, फुग्याचा इथे काय संबंध?”

उत्तर न देता त्यांनी कपाटातून एक छोटी बाटली काढली. मदतनिसाला ॲड्रेनलिनची सुई भरून शेजारी ठेवायला सांगितली. बाईंनी आयुष्यभर अशा सुया भरल्या होत्या. अ‍ॅलर्जी जिवावर बेतली तर ही टोचतात, हे त्यांना ठाऊक होतं. एक थेंब, एक टोचणी. पंधरा मिनिटं लागलीच नाहीत. चार मिनिटांत तिथे नाण्याएवढा फुगवटा आला, कडेला लाल पाय फुटलेला, हिस्टामिनच्या फुगवट्याच्या दुप्पट.

“काय होतं हे?”

“रबराच्या झाडाचा चीक. तुमचे हातमोजे. फुगेही त्याचेच, आणि केळ्यात तसलीच प्रथिनं असतात.”

बाई हातावरच्या त्या गोलाकडे बघत राहिल्या. बावीस वर्षं जी वस्तू अंगाची कातडी म्हणून वापरली, तिच्यावर हा आळ? त्यांना डॉक्टरांचा रागच आला.

“बावीस वर्षं घालतेय मी. व्हायचं तर पहिल्याच दिवशी नाही का होणार?”

“पहिल्या दिवशी कधीच होत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तेव्हा शरीर फक्त नोंद घेतं. मोजा ताणला की पावडर उडते, तिला रबरातली प्रथिनं चिकटलेली असतात, ती नाकात जातात. पहाऱ्यावरच्या पेशी ती उचलतात आणि आत नेऊन दाखवतात. बहुतेकांचं शरीर म्हणतं, असू दे. तुमच्या शरीराने कधीतरी ठरवलं की हा शत्रू. मग त्याच्यासाठी खास प्रतिपिंडं तयार झाली आणि ती जाऊन मास्ट पेशींवर बसली. या पेशी नाकाच्या अस्तरात ठासून भरलेल्या असतात. प्रत्येकीच्या पोटात हिस्टामिनच्या शेकडो पुड्या. पुढच्या वेळी रबर आलं, प्रतिपिंडांनी पकडलं, की पेशी पुड्या फोडते. मिनिटभराचं काम. रक्तवाहिन्या पाझरतात, नसा चाळवतात, शिंका, पाणी.”

“आणि संध्याकाळी घरी गेल्यावर चोंदतं ते?”

“मास्ट पेशी पुड्या फोडतानाच मदतीला हाक मारते. दुसऱ्या पांढऱ्या पेशींना येऊन पोचायला काही तास लागतात. त्या आल्या की अस्तर सुजतं. भांडण सकाळचं, सूज संध्याकाळची.”

हे सगळं बाईंनी नर्सिंगच्या परीक्षेला घडाघडा पाठ केलं होतं. मास्ट पेशीची आकृती काढून रंगवलीही होती. ती आकृती आपल्याच नाकात राहायला आली आहे हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

“म्हणजे बाहेरचं कुणी नाहीच? जंतू नाही, विष नाही?”

“नाही. रबर बिचारं निरुपद्रवी आहे. मारामारी तुमचीच माणसं करतात.”

मग, कुणी न सांगता, बाईंना बेसिनवरचा तो कागद आठवला. शिंक आली की हातमोजे बदला. शिंक, नवे मोजे, फट्, पावडर. पावडर, शिंक, नवे मोजे. आठ वर्षं त्या शिंकेवर इलाज म्हणून शिंकेचाच पुडा फोडत होत्या. स्वतःच्या अक्षरात लिहून, दुसऱ्यांनाही शिकवून. एखाद्या अडाण्याने केलं असतं तर हसू आलं असतं. ही चूक करायला बावीस वर्षांची शिस्त लागते.

“सिस्टर,” डॉक्टर आणखी हळू बोलले, “गुरुवारी तुमच्या पोटात कुठल्या मोज्यांचे हात जाणार आहेत?”

बाईंनी तोंडावर हात ठेवला.

“नाकात पुड्या फुटल्या तर शिंका येतात. पोटातल्या ओल्या अस्तराला रबर लागलं तर ते रक्तात जातं. मास्ट पेशी अंगभर असतात. सगळ्या एकदम फुटल्या तर...” त्यांनी हात वरून खाली आणला. एवढंच.

ते दृश्य बाईंनी पाहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी, त्याच टेबलावर. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई. आधी पाच-सहा शस्त्रक्रिया झालेल्या, हसऱ्या. सगळं सुरळीत चाललेलं असताना पाऊण तासाने रक्तदाब एकाएकी कोसळला, अंग लाल झालं, फुफ्फुसात हवा जाईना. दोन दिवस यंत्रावर काढून त्या वाचल्या. भुलीच्या औषधाचा दोष, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि त्यांच्या गळ्यात तसं कोरलेला पत्र्याचा बिल्ला अडकवला. त्या गोंधळात बाई ओरडल्या होत्या, “सगळ्यांनी मोजे बदला!” सगळ्यांनी बदलले होते. फट्, फट्, फट्.

घरी आल्यावर बाईंनी सिंकवरचे पिवळे मोजे चिमट्याने उचलून बाहेरच्या डब्यात टाकले आणि यजमानांना सगळं सांगितलं. यजमान खुर्चीत बसले.

“मी आणले होते ते,” ते म्हणाले. “तुझ्या हातांसाठी.”

“अहो, मी तुमचे पूल रद्दीत घालायला लावले!”

“पूल गेले खड्ड्यात. गुरुवारी जाऊ नकोस.”

खडे काही गुरुवार टाळू देणारे नव्हते. दुखणं वाढत होतं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला बाई मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभ्या राहिल्या, थिएटरात पाऊल न टाकता. सगळं ऐकल्यावर मोठे डॉक्टर आधी हसले, मग हसू मावळलं.

“दुसऱ्या प्रकारचे मोजे मिळतात, रबर नसलेले,” बाई म्हणाल्या. “पण नुसते तुमच्या हातात असून भागणार नाही, सर. पावडर हवेत असते. सगळ्यांचेच बदलावे लागतील. भिंती पुसाव्या लागतील.”

“सिस्टर, त्या मोज्यांत मला दोऱ्याची गाठ बोटाला लागत नाही. तीस वर्षांचा हात आहे माझा. ऐन वेळी गाठ सुटली तर?”

“मग मी दुसरीकडे जाते.”

बावीस वर्षांत बाई त्यांना असं कधी बोलल्या नव्हत्या.

“आणि सर, त्या ग्रंथपाल बाई... भूल नव्हती ती. मला तसं वाटतं.”

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, “तेव्हा मी काय घातलं होतं?” विचारण्यासारखा प्रश्न नव्हता तो.

पुढचे चार दिवस त्यांच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला चमत्कारिक दृश्य दिसे. मोठे डॉक्टर नवे निळे मोजे घालून खुर्चीच्या दांडीला गाठी मारत बसलेले. गुरुवारपर्यंत त्या दांडीवर दोऱ्याची जाळीच झाली होती. थिएटरातली जुनी खोकी एकूणएक बाहेर गेली, छतापासून लादीपर्यंत ओल्या फडक्याने पुसून काढलं. बेसिनवरचा कागद बाईंनी स्वतः फाडला.

गुरुवारी पहिला नंबर त्यांचा. ट्रॉलीवरून आत येताना त्यांनी सवयीने खोकी मोजली. मग टेबलावर पडून तो दिवा प्रथमच खालून पाहिला आणि त्यांना भीती वाटली, साधी, कुणालाही वाटते तशी. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही निळे हात त्यांना उलटसुलट करून दाखवले. भूल देणाऱ्या तरुण डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. हात उघडा होता, ऊबदार, जरासा घामेजलेला.

“घाबरू नका, मी इथेच आहे,” त्या म्हणाल्या. कालची पोर.

जाग आली तेव्हा रक्तदाबाचा आकडा जागच्या जागी होता. बाईंनी नाकाने श्वास घेतला आणि तो पार आत गेला. खोलीला साबणाचा वास होता. आठ वर्षांत तो त्यांना आला नव्हता. त्या रडल्या, आणि टाके दुखले म्हणून थांबल्या.

तीन आठवड्यांनी त्या वाचनालयात गेल्या. मोठे डॉक्टर येतो म्हणाले होते; बाई म्हणाल्या, आधी मी. कपाटांवर बोटभर धूळ, जुन्या कागदांचा वास, आणि नाक अगदी गप्प. नवऱ्याच्या फायली आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्रंथपाल बाई टेबलाशी पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. गळ्यात तो पत्रा, ‘भूल देऊ नये.’ एक गाल सुजलेला.

साडेसहांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही न गाळता. शिंका, पावडर, मोजे बदला असं आपण ओरडलो ते. “चाचणी करून घ्या. पण मला खात्री आहे. भूल नव्हती, आमचे हात होते.”

ग्रंथपाल बाईंनी शिक्का खाली ठेवला. गळ्यातला पत्रा बोटांत धरून बघितला.

“दीड वर्ष ही दाढ तशीच ठेवलीय मी,” त्या म्हणाल्या. “सुई टोचून घ्यायची भीती वाटते.” मग थोडं थांबून, “मला एक आठवतं. भूल चढायच्या आधी कुणीतरी माझा हात धरला होता. रबरी हात. मी इतका घट्ट धरून ठेवला होता तो! शुद्धीवर आले तेव्हा हा तळहात लालभडक सुजलेला. मला वाटलं, घाबरून फार आवळला असेल. कुणाला बोललेच नाही. त्या हाताचाच तर आधार होता.”

पोटात गेलेल्या हातांपर्यंत साडेसहा विचाराने पोचल्या होत्या. या हातापर्यंत पोचल्या नव्हत्या. बावीस वर्षं ज्या एका गोष्टीचा त्यांना मनातून अभिमान होता, तिथूनच सुरुवात झाली होती.

“तो हात...”

“कळलं मला,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “आवाज ओळखला मघाशीच.”

साडेसहांना आपले हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं; त्यांनी ते पदराखाली घेतले. ग्रंथपाल बाईंनी सुजल्या गालावर हात ठेवला आणि विचारलं,

“चाचणी झाली की दाढ काढायला जाईन. तेव्हा याल का, हात धरायला? मोजे न घालता.”